पांढरी, काळी आणि पिवळा झोन

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीला एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. बचतीचे पैसे, थोडं सोनं मोडून आलेले पैसे आणि भावाकडून घेतलेले उसने असे सगळे मिळून त्यांनी शहराच्या कडेला एक गुंठा जागा घेतली होती. आता तिथं दोन खोल्या बांधायच्या होत्या. बँकेत कर्ज मागायला गेल्या, तर बँकेनं बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि बांधकाम परवाना मागितला. ताईंच्या पिशवीत यातलं काहीच नव्हतं. बाँडपेपरवरची एक नोटरी तेवढी होती. शेजारी तिघांनी घरं बांधलीत, मग आपल्यालाच काय होणार, एवढाच काय तो भरवसा.

ताई म्हणाल्या, "जागा ग्रीन झोनमध्ये आहे म्हणतात. ग्रीन म्हणजे हिरवं. हिरवं तर चांगलंच की ओ ताई. मग कर्ज का देईनात?"

त्या दिवशी आम्हा समन्वयकांपैकी एकीलाही त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. कर्जाचे हप्ते, व्याज, हजेरी, ठराव हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण ज्या जमिनीवर आपण उभ्या आहोत तिचा रंग कुणी ठरवला, हे माहीत नव्हतं. मग आम्ही विचारायला आणि वाचायला सुरुवात केली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहोत. गोष्ट कागदाची असली तरी तिची सुरुवात फार जुनी आहे, अगदी आपल्या आजी-पणजीच्या अंगणातली.

आजीला झोन हा शब्द माहीत नव्हता. पण गावच्या जमिनीचे दोन रंग तिला पक्के ठाऊक होते. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेणकूर, पडलेल्या भिंतींची माती एकाच जागी साठत गेली की वस्तीखालची जमीन पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. घर पांढरीत बांधायचं, काळीत बांधायचं नाही, हा रिवाज होता. त्यामागं शहाणपण होतं. काळी पोट भरते, तिच्यावर भिंती उभ्या केल्या तर खायचं काय? शिवाय काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतलेलं घर दोन-चार वर्षांत तडे दाखवू लागतं. आजचे इंजिनिअर काळ्या मातीत खोल पाया घ्यायला सांगतात, तो याच कारणानं.

पांढरीची माती आणखी एका कामाला यायची. आपल्या बारामती-इंदापूर भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर चिलाटी किंवा फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची आणि पाणी मारून ती चोपायची. हे काम बहुतेक घरांत बायकांचंच. म्हणजे छत गळतंय की नाही, याची जबाबदारी तेव्हाही आपल्याकडंच होती.

या जुन्या आखणीला दुसरी बाजूही होती, ती लपवून चालणार नाही. पांढरीभोवती गावकूस होतं. गावकुसाच्या आत कोण राहणार आणि बाहेर कोण, हे जातीनं ठरायचं. बाहेरच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा सखल जागा, ओढ्याकाठची जागा, वेगळा पाणवठा. ही रेघ कुठल्या कागदावर नव्हती, तरी ती ओलांडायची कुणाची छाती नव्हती. गावकुसाच्या भिंती बहुतेक ठिकाणी कधीच पडल्या. पण ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द अजून आपल्या बोलण्यात आहे, आणि पूर आला की पाणी आधी कुठं शिरतं ते पाहिलं, तर ती रेघही अजून दिसते. जमिनीची आखणी कधीच नुसती मोजणी नसते. कुणाला उजेड-वारा मिळणार आणि कुणाला नाही, हेही ती ठरवते. पुढचा इतिहास वाचताना हे एवढं मनात ठेवावं.

आता शहरांकडं येऊ. बारामती कऱ्हेच्या काठचं गाव. अठराव्या शतकात कवी मोरोपंत इथंच राहिले. इंदापूर तर त्याहून आधीपासून इतिहासात आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांचा शेवट इंदापुरातच झाला आणि त्यांच्या नावाची गढी तिथं आहे. नगरपालिका ही गोष्ट आपल्याला अलीकडची वाटते. प्रत्यक्षात बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांना नगरपालिका मिळाली ती १८६५ साली. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला.

सुरुवातीच्या नगरपालिकांचं काम साधं होतं. रस्ते झाडणं, दिवे लावणं, पाण्याची सोय बघणं. घर कसं बांधावं यात सरकारनं लक्ष घालायला खरा जोर आला तो प्लेगमुळं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्याच वर्षी पुण्यात पसरला. दाटीच्या, अंधाऱ्या, कोंदट घरांत माणसं पटापट दगावली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्यांनी ज्या रोगाशी झुंज दिली त्याच रोगानं राज्यकर्त्यांना घराच्या खिडक्या मोजायला लावल्या, हे मात्र कुणी शिकवत नाही. १८९८ मध्ये मुंबईत दाटीच्या वस्त्या सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९०१ मध्ये जिल्ह्यांतल्या नगरपालिकांसाठी नवा कायदा झाला. घर बांधण्याआधी नगरपालिकेला कळवायचं, हे त्या कायद्यात होतं. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यानं नगररचनेचा कायदा केला. देशातला असा तो पहिला कायदा.

दोन घरांमध्ये अंतर सोडा, खोलीला खिडकी ठेवा, गटार बांधा असे नियम ऐकले की आपल्याला वाटतं, साहेबांनी पैसे काढायला केलेत. त्या प्रत्येक नियमामागं कुठला तरी रोग, आग किंवा पडझड आहे. सध्याच्या नियमांत स्वयंपाकघराला मोकळ्या जागेकडं उघडणारी खिडकी हवी, ती किमान एक चौरस मीटरची हवी, असं सांगितलेलं आहे. धुरानं ज्यांचे डोळे गेले त्या बायकांनी तो नियम लिहिला नाही. पण तो वाचला की त्यांचीच आठवण येते.

आपल्या तालुक्यांचा चेहरा बदलला तो पाण्यानं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि दुष्काळी माळाला पाणी मिळालं. ऊस आला, गूळ आला, मग साखर कारखाने आले. १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ १९३३-३४ च्या सुमारास वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं. कारखाना, कामगारांची घरं, शाळा, बाजार अशी ती वसाहत आखून वसवली गेली. कारखाना एका बाजूला, राहणं दुसऱ्या बाजूला. आपल्या भागातल्या बायकांनी झोनिंग पहिल्यांदा बघितलं असेल तर ते तिथं. अर्थात, ती आखणी कंपनीची होती. तिथं राहणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं.

न विचारण्याचं मोठं उदाहरण उजनीचं. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी साठलं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर आजही धरणातलं पाणी फार खाली गेलं की वर दिसतं आणि लोक बघायला जातात. गावांना नवी गावठाणं मिळाली. सरळ रस्ते, मोजून पाडलेले प्लॉट. कागदावर आखणी जुन्या गावापेक्षा कितीतरी चांगली. पण तिकडच्या एका आजी आम्हाला म्हणाल्या, "नव्या गावात रस्ता सरळ होता गं बाई, पण धुणं धुवायला कुठं जायचं ते कुणी आखलंच नव्हतं." जुन्या गावात नदीचा घाट होता, तिथं बायका एकमेकींना भेटायच्या, सुखदुःख बोलायच्या. नकाशा काढणाऱ्याला घाट म्हणजे नुसता नदीचा काठ वाटला असणार.

आता येऊ त्या ताईंच्या हिरव्या रंगाकडं. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. इंग्रजी अक्षरं घेऊन त्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. शहरानं पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचा आणि प्रत्येक जमिनीचा वापर ठरवायचा, असं हा कायदा सांगतो. नकाशात राहण्याची जागा पिवळी, दुकानांची निळी, कारखान्यांची जांभळी, शेतीची हिरवी. म्हणून लोक ‘जमीन यलोत आली’ म्हणतात आणि पेढे वाटतात. यलोत आली की भाव एका रात्रीत वाढतो. शाळा, मंडई, दवाखाना, बाग, रस्ता यांच्यासाठी ज्या जागा राखून ठेवतात त्यांना आरक्षण म्हणतात. शहराबाहेरच्या गावांसाठी प्रादेशिक योजना असते. पुणे जिल्ह्याची अशी योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. तिच्यातही गावठाण वेगळं आणि गावठाणाबाहेरची बरीचशी जमीन शेतीची, म्हणजे हिरवी. आजीची पांढरी पिवळी झाली आणि काळी हिरवी झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी नकाशा निम्मा कळतो.

मग ताईंचं काय झालं? शहर वाढत होतं. २०११ च्या जनगणनेत बारामतीची लोकसंख्या ५४ हजारांच्या वर होती. पुढच्याच वर्षी हद्दवाढ झाली आणि तांदुळवाडी, जळोची, रुई असा भोवतालचा भाग नगरपरिषदेत आला. एमआयडीसी, कॉलेजं, टेक्स्टाईल पार्क यांच्यामुळं माणसं येत राहिली. कामाला येणाऱ्या माणसाला घर लागतं आणि पिवळ्या जागेचा भाव त्याला परवडत नाही. तिथून गुंठेवारी सुरू होते. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि विकायचे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. रस्ता किती फुटांचा, गटार कुठून जाणार, पाण्याची लाईन कुठं, मुलांना खेळायला जागा कुठं, हे चुन्याच्या रेघेत काहीच नसतं.

गरिबाला स्वस्तात जागा मिळते म्हणून गुंठेवारी चांगली, असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य अजिबात नाही, असं आम्ही म्हणणार नाही. मंजूर प्लॉट परवडला असता तर ताई कशाला तिकडं गेल्या असत्या? सरकारलाही ते मानावं लागलं. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मिळाली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. पण प्रत्येक जागा नियमित होतेच असं नाही. आरक्षणातली जागा, पुराच्या पट्ट्यातली जागा अडकून राहते. त्याशिवाय १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे आणि त्यातही वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यामुळं ‘पुढं होईल सगळं नियमित’ हे विकणाऱ्याचं बोलणं ऐकून पैसे द्यायचे नाहीत. आज काय चालतं ते त्याच दिवशी कचेरीत जाऊन विचारायचं.

पुराच्या पट्ट्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात, पुरंदरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. नाझरे धरणातून कऱ्हेत पाणी सोडावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी बारामतीत नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. हजारो माणसांना हलवावं लागलं. जी कऱ्हा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, तिनं आपली जागा परत मागितली. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा ठरवतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर बांधायला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. स्वस्त जागा ही बऱ्याचदा याच पट्ट्यात स्वस्त असते. पूर ओसरला की घरातला गाळ कोण काढतं, गोधड्या कोण धुतं, भिजलेल्या शाळेच्या वह्या तव्यावर कोण वाळवतं, हे तुम्हाला माहीत आहे.

इथवर जागेचं झालं. आता भिंतीचं बोलू, कारण नियम नुसते नकाशाचे नसतात, बांधणीचेही असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मारली ती जास्त करून घरांनी. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. आपल्याकडं होती तशीच घरं. दरसाल माती टाकून टाकून छताचं वजन वाढत गेलेलं, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही अंगांना एकत्र धरणारे लांब दगड नसलेले. भिंती सुटल्या आणि छत खाली आलं.

त्यानंतर जे घडलं ते प्रत्येक बचत गटाला माहीत हवं. हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्फत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. सरकारी योजना लोकांना समजावून सांगायची, लोकांच्या अडचणी इंजिनिअरपर्यंत न्यायच्या, मिळालेल्या पैशांत काम नीट होतंय का ते बघायचं. कालपर्यंत ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या भिंतीच्या कोपऱ्यात सळई घातली का, खिडकीच्या वरून काँक्रीटचा पट्टा सलग घेतला का, असं गवंड्याला विचारू लागल्या. घर पडलं की कोण मरतं, हे त्यांनी बघितलं होतं. म्हणून त्या विचारत होत्या.

आपला पुणे जिल्हा भूकंपाच्या नकाशात मध्यम धोक्याच्या, म्हणजे तिसऱ्या पट्ट्यात मोडत आलाय. तरी आपल्याकडं घर बांधताना बाई काय करते? गवंड्याला चहा देते आणि स्लॅबला पाणी मारते. दुसरं काम हलकं समजू नका. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवून ठेवणं किमान सात दिवस, आणि आपल्या उन्हात त्याहून जास्त, हा मजबुतीचाच नियम आहे. पाणी कमी पडलं तर सिमेंट कितीही महागाचं असो, स्लॅब कच्चा राहतो. म्हणजे आपण बांधकामाचं निम्मं ज्ञान हातानं शिकलेल्या असतो. कॉलमच्या रिंगा जवळ-जवळ बांधल्यात का, काँक्रीटमध्ये पाणी जास्त ओतलं का, हे विचारायला राहिलेलं निम्मं ज्ञान पुरेसं आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. आधी नगरपरिषदांना वेगळे, महापालिकांना वेगळे असे नियम होते. या नियमावलीत लहान माणसाची एक सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर साधं घर असेल तर परवान्यासाठी हेलपाटे घालायचे नाहीत. नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, पावती घ्यायची आणि काम सुरू करायचं. पण प्लॉट मुळात कायदेशीर हवा. ताईंचा एक गुंठा म्हणजे जेमतेम १०१ चौरस मीटर. मापात तो बसत होता, कागदात बसत नव्हता.

आणखी एक गोष्ट आपल्या पोटापाण्याची. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी घरात मिरची कांडप बसवलं. उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस आले आणि शेजारणीच्या घरात सगळे शिंकायला लागले. तक्रार गेली. त्या ताई म्हणाल्या, घर माझं, मशीन माझं. शेजारणीचीही तक्रार खोटी नव्हती, तिच्या घरात दम्याचं पोर होतं. आम्ही दोघींनाही समोरासमोर बसवलं आणि नियम वाचला. राहण्याच्या झोनमध्ये, घरच्याच माणसांनी बाहेरचा मजूर न लावता करायच्या घरधंद्याला मुभा आहे. पिठाच्या आणि मसाल्याच्या गिरणीलाही विजेच्या ठरावीक मर्यादेत मुभा आहे. पण मुभा म्हणजे शेजारणीच्या नाकात मिरची घालायची मुभा नव्हे. शेवटी मशीन मागच्या खोलीत गेलं, बाहेर वर काढलेला पाईप बसला आणि वेळ ठरली. झोनिंग म्हणजे दुसरं काय असतं? एकीच्या पोटाचा धंदा आणि दुसरीच्या लेकराचा श्वास एकाच गल्लीत कसे बसवायचे, हे ठरवणं.

हे ठरवताना आपण कुठं असतो? १९९३ मध्ये चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. शहरांनी सांभाळायच्या अठरा कामांची यादी तिनं घटनेत घातली. त्या यादीत पहिलं काम नगररचना आणि दुसरं जमिनीचा वापर व बांधकामाचं नियमन. याच दुरुस्तीनं नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. म्हणजे आज सभागृहात निम्म्या आपल्याच असतात. तरी मंडईच्या आरक्षणात भाजीवालीसाठी ओटा, सावली आणि स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न किती वेळा विचारला जातो? आरक्षण टाकून दहा वर्षं जागा घेतली नाही तर जागामालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. मंडई, बालवाडी, बाग अशीच नकाशावरून पुसली जाऊ शकते. आरडाओरडा होत नाही, कारण ती जागा आपली होती हेच कुणाला माहीत नसतं.

विकास आराखडा तयार झाला की तो आधी प्रारूप म्हणून जाहीर होतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, नकाशा कचेरीत लावतात आणि तीस दिवसांत हरकती आणि सूचना मागवतात. साध्या कागदावर, मराठीत, सही किंवा अंगठ्यासह लेखी द्यायचं. मग समितीपुढं सुनावणी होते, तिथं आपलं म्हणणं मांडता येतं. त्यानंतर आराखडा सरकारकडं मंजुरीला जातो. इतिहासात पांढरी-काळीची रेघ रिवाजानं ओढली, गावकुसाची जातीनं ओढली, वालचंदनगरची कंपनीनं, उजनीची धरणानं. ज्या रेघेबद्दल आपल्याला विचारायची कायद्यानंच सोय केली, अशी ही एकच. आणि तिला तीस दिवसांची मुदत आहे.

त्या गुंठ्यावाल्या ताईंची हकीकत अजून संपलेली नाही. बँकेचं कर्ज मिळालं नाही. त्यांनी तिथं पत्र्याची एक खोली उभी केली आहे आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजानं झोप येत नाही, असं सांगतात. आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन झोन दाखला आणि भाग नकाशा काढला. हिरव्याचा पिवळा होईल का, ते आज कुणीच सांगू शकत नाही. पण त्या बैठकीनंतर आमच्या गटांनी ठराव वहीत एक ठराव लिहिला. जागेसाठी गटातून पैसे उचलायचे असतील तर आधी तीन कागद बैठकीत दाखवायचे. एक, जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि खरेदीत बाईचं नाव. दोन, झोन दाखला. तीन, मंजूर रेखांकन आणि बिगरशेतीचा कागद. जागा नदी-ओढ्याजवळ असेल तर पूररेषाही विचारायची. ठराव मांडला तो त्याच ताईंनी.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून एक वाक्य शिकवलेलं असतं. कुणी गैरसोय केली, कुणी उशीर केला, कुणी आपल्या वाटणीचं घेतलं, तरी आपण म्हणतो, "काही हरकत नाही." आपल्या शहराचा नकाशा पुन्हा कधी कचेरीच्या भिंतीवर लागेल तेव्हा पदर खोचून तो बघायला जाऊ. आपली गल्ली शोधू, मंडई शोधू, मुलींच्या शाळेचा रस्ता शोधू. आणि निदान ते तीस दिवस तरी ‘हरकत नाही’ म्हणायचं नाही.